गास्पेची गरिबी : दोष समुद्राचा की वहीचा?

एखादा समाज पिढ्यानपिढ्या गरीब का राहतो, या प्रश्नाला प्रस्थापित इतिहासाकडे एक सोयीचे उत्तर कायम तयार असते. जमीन खडकाळ होती, हवामान वाईट होते, रस्ते नव्हते, लोक अडाणी होते. म्हणजे दोष निसर्गाचा, नाही तर त्या लोकांचाच. ज्याने लुटले त्याचे नाव या उत्तरात कुठेच येत नाही. हे उत्तर कितपत खरे आहे, ते कॅनडातल्या गास्पे द्वीपकल्पाच्या इतिहासावर तपासून पाहता येते. तिथे निसर्ग खरोखरच कठोर आहे. म्हणूनच ही कसोटी चांगली आहे.

क्यूबेक प्रांताच्या पूर्व टोकाला हे द्वीपकल्प आहे. उत्तरेला सेंट लॉरेन्स नदीचे समुद्रासारखे विस्तीर्ण मुख, पूर्वेला सेंट लॉरेन्सचे आखात आणि दक्षिणेला शालर उपसागर. मधोमध अ‍ॅपलाशियन पर्वतरांगेतले चिक-चॉक डोंगर उभे आहेत आणि त्यांचे सर्वांत उंच शिखर बाराशे मीटरच्या वर जाते. आतला भाग म्हणजे जंगल. उत्तर किनाऱ्यावर डोंगर थेट पाण्यात उतरतात. जिथे एखादी नदी डोंगर फोडून समुद्राला मिळते, तिथेच थोडी सपाट जागा आणि तिथेच गाव. दक्षिणेकडे उतार सौम्य आहेत, थोडीफार शेती होते. हिवाळ्यात समुद्रावर बर्फ येते आणि होडी कित्येक महिने किनाऱ्यावर पडून राहते. द्वीपकल्पाला वळसा घालणारा मोटाररस्ता पूर्ण व्हायला १९२९ साल उजाडले. तोपर्यंत एका गावातून दुसऱ्या गावात जाण्याचा सोपा मार्ग म्हणजे समुद्रच.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. याच किनाऱ्यासमोर कॉड माशाची जगातली नावाजलेली क्षेत्रे होती. इथला हलके मीठ लावून उन्हावाऱ्यात वाळवलेला कॉड स्पेन, पोर्तुगाल, इटली आणि ब्राझीलच्या बाजारात चांगल्या भावाने विकला जाई. म्हणजे या किनाऱ्यावर संपत्ती नव्हती असे नाही. संपत्ती दर उन्हाळ्यात समुद्रातून वर काढली जात होती. मग ती काढणारा माणूस दर वसंत ऋतूत कर्जात कसा असायचा? हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर डोंगरात सापडत नाही.

सुरुवात एका क्रूसापासून

२४ जुलै १५३४ रोजी फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए याने गास्पेच्या उपसागरात तीस फूट उंच लाकडी क्रूस उभारला. त्यावर फ्रान्सच्या राजाचा जयघोष कोरलेला होता. त्या वेळी तिथे सेंट लॉरेन्स नदीच्या वरच्या भागातून मासेमारीसाठी आलेले इरोक्वियन लोक होते. त्यांचा प्रमुख डोन्नाकोना आपल्या मुलांना घेऊन नावेतून जहाजाजवळ आला. क्रूसाकडे आणि आजूबाजूच्या भूमीकडे हात करून त्याने लांबलचक भाषण केले. भाषा कळत नसली तरी अर्थ कार्तिएला पुरता कळला. ही भूमी आमची आहे, आम्हाला न विचारता हे काय उभे केलेस, असे तो म्हणत होता. ही हकीकत खुद्द कार्तिएच्या प्रवासवृत्तान्तात आहे.

कार्तिएने काय केले? त्याने त्या लोकांना जहाजावर घेतले आणि सांगितले की हा क्रूस म्हणजे बंदर ओळखण्यासाठी केलेली नुसती खूण आहे. हे धडधडीत खोटे होते. मग डोन्नाकोनाच्या दोन मुलांना तो फ्रान्सला घेऊन गेला. १५३६ मध्ये त्याने डोन्नाकोनालाच पकडून नेले आणि तो प्रमुख आपल्या भूमीपासून दूर फ्रान्समध्ये मरण पावला.

द्वीपकल्पाचे खरे रहिवासी होते मिकमाक लोक. ‘गास्पे’ हे नावच त्यांच्या भाषेतले मानले जाते आणि त्याचा अर्थ भूमीचा शेवट, टोक. नाव त्यांचे राहिले, भूमी राहिली नाही. आजही कॅनडात गास्पेला देशाचे ‘जन्मस्थान’ म्हणून मिरवले जाते. ज्या जागी एका बापाशी खोटे बोलून त्याची मुले नेली, ती जागा जन्मस्थान कोणाचे?

मीठ ज्याचे, किनारा ज्याचा, वही ज्याची

फ्रेंचांच्या काळात इथे हंगामी मासेमारी आणि काही छोट्या वस्त्या होत्या. सप्टेंबर १७५८ मध्ये ब्रिटिश सेनानी जेम्स वुल्फ याच्या फौजेने या वस्त्या, होड्या आणि सुक्या माशांचे साठे जाळून टाकले. त्याच्या तीन वर्षे आधी, १७५५ पासून, इंग्रजांनी शेजारच्या अकेडिया प्रदेशातल्या फ्रेंच भाषिक शेतकऱ्यांना घरादारासह हुसकून लावले होते. त्यातले अनेक जण लपतछपत शालर उपसागराच्या काठी आले. जमीन गेलेली, हातात पैसा नाही, राज्य शत्रूचे.

अशा लोकांसमोर १७६६ मध्ये चार्ल्स रॉबिन येऊन उभा राहिला. तो जर्सी बेटाचा. जर्सी हे फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे, पण ब्रिटिश राजसत्तेखालचे बेट. तिथले व्यापारी फ्रेंच बोलत आणि ब्रिटिश प्रजेचे हक्क भोगत. म्हणजे मच्छीमाराशी त्याच्या भाषेत बोलता येई आणि सरकारशी सरकारच्या कायद्यात. रॉबिनने पासपेबियाक इथल्या वाळूच्या पट्टीवर आपले ठाणे वसवले. गोदामे, जहाजबांधणी, लोहारशाळा, दुकान, सगळे तिथेच. पुढे या कंपनीची ठाणी किनाऱ्यावर ठिकठिकाणी झाली आणि ल बुतिये, फ्रुईंग अशा इतर जर्सी कंपन्याही आल्या.

ही व्यवस्था चालायची कशी, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण इथे चाबूक नव्हता, साखळी नव्हती. फक्त वही होती.

वसंत ऋतूत बर्फ वितळले की मच्छीमार कंपनीच्या दुकानात जाई. गळ, दोर, मीठ, पीठ, काकवी, कापड हे सगळे त्याला उधार मिळे. भाव दुकानदार लिहील तो. होडीसाठीही पुष्कळदा कंपनीचेच कर्ज. मग उन्हाळाभर दोन माणसे एका होडीतून पहाटे निघत, हातातल्या दोराने कॉड पकडत. किनाऱ्यावर मासा आला की एक जण गळा आणि पोट चिरे, दुसरा डोके उडवी आणि यकृत तेलासाठी पिंपात टाकी, तिसरा मणका काढून मासा उघडा करी. मग मीठ, मग धुणे, मग फांद्यांच्या मांडवावर किंवा गोट्यांच्या किनाऱ्यावर वाळवण. दुपारी ऊन कडक झाले तर मासा भाजतो, पाऊस आला तर कुजतो. म्हणून दिवसातून अनेकदा उलटायचा, संध्याकाळी रचून झाकायचा, सकाळी पुन्हा पसरायचा. कित्येक आठवडे चालणारे हे काम मुख्यतः बायका, मुले आणि म्हातारी माणसे करत. त्यांचे नाव वहीत नसे.

हंगाम संपला की हिशेब. मासा कंपनीलाच द्यायचा, कारण उधारी तिची. माशाची प्रत ठरवणार कंपनीचा माणूस. भाव ठरवणार कंपनी, आणि तोही उन्हाळ्याच्या शेवटी, मासा वाळून तयार झाल्यावर. पैसे रोख नाहीत, दुकानातल्या मालाच्या रूपात. हिशेब लिहिणार कंपनीचा कारकून, आणि ज्याच्या नावाने लिहायचे तो बहुतेक वेळा निरक्षर. वहीत शेवटी काय उरे? बाकी. मग हिवाळा काढायला पुन्हा उधारी आणि पुढच्या वसंतात तीच बाकी डोक्यावर घेऊन समुद्रावर.

आता विचार करा. विकत घेणारा तोच, विकणारा तोच, भाव ठरवणारा तोच, प्रत ठरवणारा तोच, लिहिणारा तोच. दाद कुठे मागायची? जॉन ल बुतिये हा आधी रॉबिनच्या कंपनीत कारकून होता, मग स्वतः व्यापारी झाला आणि विधिमंडळात गास्पेचा प्रतिनिधीही झाला. म्हणजे कायदा करणाऱ्याच्या खुर्चीतही वहीचा मालकच. कोकणातल्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. खोताच्या घरात कुळाचा हिशेब कसा लिहिला जाई, हे ज्यांच्या आजोबांनी भोगले, त्यांना पासपेबियाक परके वाटणार नाही. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले ते याचसाठी. व्यवस्था कायद्याने उभी असेल तर ती कायद्यानेच पाडावी लागते.

भूगोलाचा प्रश्न इथे वेगळ्या रूपात परत येतो. रस्ता नव्हता हे खरे. पण रस्ता नसण्याचा तोटा मच्छीमाराला होता, कंपनीला नव्हता. तिची जहाजे होती. दुसरा खरेदीदार गावात पोहोचू शकत नव्हता, हाच तर तिचा नफा. डोंगर दोघांसाठी एकच होता. एकासाठी तो भिंत होता आणि दुसऱ्यासाठी कुंपण.

आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. उत्तम प्रतीचा मासा युरोपच्या आणि ब्राझीलच्या बाजारात जाई. जो मासा खराब वाळला, तुटला, डागाळला, तो वेस्ट इंडीजमधल्या उसाच्या मळ्यांवर जाई, गुलामांचे स्वस्त अन्न म्हणून. एका किनाऱ्यावर कर्जात बांधलेल्या माणसाने पकडलेला मासा दुसऱ्या किनाऱ्यावर साखळीत बांधलेल्या माणसाच्या ताटात पडत होता. नफा मात्र दोन्हीकडून एकाच वर्गाच्या तिजोरीत जात होता. या दोन शोषितांनी एकमेकांचे तोंडही पाहिले नाही.

उपाशी लोक आणि युद्धनौका

१८८६ मध्ये जर्सीतली बँक बुडाली आणि तिच्याबरोबर या कंपन्या अडचणीत आल्या. ऐन हिवाळ्यात गास्पेची दुकाने बंद झाली. तेव्हा कळले की किनाऱ्यावरच्या घरांत स्वतःचे असे काहीच नव्हते. पासपेबियाकमध्ये उपाशी लोक पिठासाठी कंपनीच्या गोदामांवर चालून गेले. शंभरहून अधिक वर्षे ज्यांनी युरोपला मासा पुरवला, त्यांच्या घरात एका हिवाळ्याचे पीठ नव्हते. हा पुरावा कोणत्याही आकडेवारीपेक्षा मोठा आहे.

सप्टेंबर १९०९ मध्ये उत्तर किनाऱ्यावरच्या रिव्हिएर-ओ-रनार गावात मच्छीमारांनी व्यापाऱ्यांनी ठरवलेला भाव नाकारला आणि वाढीव भाव मागितला. व्यापाऱ्यांच्या माणसांशी चकमक झाली, काही लोक जखमी झाले. सरकारने काय केले? भावाची चौकशी केली नाही. जहाजांतून सैनिक पाठवले. मच्छीमारांना अटक झाली, काहींना तुरुंगवास झाला. ज्या किनाऱ्याला शाळा आणि रस्ता द्यायला सरकारला वेळ नव्हता, त्या किनाऱ्यावर सैनिक पोहोचायला वेळ लागला नाही.

पण ही माणसे नुसती मार खाऊन बसली नाहीत. १९२० च्या दशकात गास्पेचे बिशप रॉस यांच्या पुढाकाराने पहिल्या सहकारी संस्था निघाल्या. त्यातल्या बहुतेक मंदीत बुडाल्या. कारण संस्था कागदावर आली होती, सभासदाच्या डोक्यात आली नव्हती. त्याच सुमारास नोव्हा स्कोशियात मोझेस कोडी यांनी मच्छीमारांची अभ्यासमंडळे चालवली होती. आधी एकत्र बसून वाचायचे, आपल्या माशाचा पैसा कुठे जातो ते समजून घ्यायचे, मग संस्था काढायची. गास्पेनेही हा धडा घेतला. १९३८ मध्ये मासेमारीचे शिक्षण देणारी शाळा निघाली, तिच्या लोकांनी गावोगावी जाऊन मच्छीमारांना हिशेब आणि सहकार शिकवला आणि १९३९ मध्ये क्यूबेकच्या मच्छीमारांचा संयुक्त सहकारी संघ उभा राहिला. मच्छीमार आपला मासा आपल्या संघामार्फत विकू लागला आणि जुन्या कंपन्यांची पकड सुटू लागली.

डोंगर तेच होते. समुद्र तोच होता. हिवाळा तोच होता. बदलले ते एवढेच की वही कोणाच्या हातात आहे. आधी शिक्षण, मग संघटन, मग हक्क. हा क्रम आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

शोषितांमधली उतरंड

इथेच लेख संपवला असता तर तो अर्धा खोटा झाला असता. कारण जर्सीच्या व्यापाऱ्याखाली भरडला जाणारा हा फ्रेंच भाषिक मच्छीमार ज्या किनाऱ्यावर उभा होता, तो किनारा मिकमाकांचा होता.

बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमता म्हणून जे मांडले, ते जातिव्यवस्थेबद्दल आहे. कॅनडात जातिव्यवस्था नाही आणि दोन्ही गोष्टी एक आहेत असे म्हणणे चुकीचे ठरेल. पण त्या विचारातून एक प्रश्न विचारण्याची सवय लागते : सर्वांत खाली कोण आहे? गास्पेत त्याचे उत्तर स्पष्ट आहे.

मिकमाकांचा आधार होता नद्यांत चढणारा सॅल्मन मासा. रेस्टिगुश आणि कास्कापेडिया या नद्यांवर ते पिढ्यानपिढ्या मशालीच्या उजेडात भाल्याने आणि जाळ्यांनी हा मासा मारत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सरकारने संवर्धनाच्या नावाखाली त्यांच्या पद्धतींवर बंदी आणली आणि त्याच नद्या श्रीमंतांना गळ टाकून मौज करण्यासाठी भाड्याने दिल्या. १८८० मध्ये स्थापन झालेल्या रेस्टिगुश सॅल्मन क्लबचे सभासद न्यूयॉर्कचे धनिक होते. पोटासाठी मारलेला मासा गुन्हा ठरला आणि करमणुकीसाठी मारलेला मासा खेळ ठरला. मिकमाक माणसाला त्याच नदीवर या पाहुण्यांचा वाटाड्या म्हणून मजुरी मिळू लागली.

जून १९८१ मध्ये क्यूबेक सरकारने लिस्तुगुजच्या मिकमाकांना नदीतली जाळी काढण्याचा हुकूम दिला. त्यांनी नकार दिला. ११ जूनला काहीशे पोलीस आणि वनरक्षक बोटी आणि हेलिकॉप्टर घेऊन या लहानशा वस्तीवर चालून गेले. जाळी जप्त केली, लोकांना मारहाण केली, पकडून नेले. २० जूनला दुसरा छापा पडला. हे सरकार कोणाचे होते? इंग्रजी वर्चस्वाविरुद्ध फ्रेंच भाषिकांच्या स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या पक्षाचे. स्वतःसाठी सार्वभौमत्व मागणाऱ्याने दुसऱ्याचे जाळेही सहन केले नाही. अबेनाकी समाजातल्या चित्रपट दिग्दर्शिका अलानिस ओबोमसाविन यांनी १९८४ च्या आपल्या माहितीपटात संबंधित मंत्र्यालाच समोर बसवून हा जाब विचारला.

लिस्तुगुजचे लोक मागे हटले नाहीत. १९९३ मध्ये त्यांनी स्वतःचा मासेमारी कायदा केला आणि नदीवर स्वतःचे रक्षक नेमले. १७ सप्टेंबर १९९९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डोनाल्ड मार्शल या मिकमाक माणसाच्या खटल्यात १७६०-६१ च्या तहांच्या आधारे मान्य केले की मासेमारी करून माफक उपजीविका चालवण्याचा मिकमाकांना हक्क आहे. हक्क तहात अडीचशे वर्षांच्या आसपास लिहिलेलाच होता. तो वाचायला लावायला मात्र माणसांना मार खावा लागला आणि न्यायालयात जावे लागले.

दुकान जपले, घरे जाळली

शेवटचा प्रसंग द्वीपकल्पाच्या अगदी टोकावरचा. १९७० मध्ये तिथे फोरियों राष्ट्रीय उद्यान झाले. त्यासाठी तिथे राहणाऱ्या सुमारे २२५ कुटुंबांना, बहुतेक मच्छीमार आणि छोटे शेतकरी, घरे सोडावी लागली. पुष्कळ घरे लोकांच्या डोळ्यांदेखत जाळली किंवा पाडली गेली. मिळालेली भरपाई इतकी तुटपुंजी होती की लोकांना वर्षानुवर्षे न्यायालयात झगडावे लागले. कॅनडाच्या संसदेने आणि क्यूबेकच्या विधानसभेने माफी मागितली ती २०११ मध्ये, चाळीस वर्षांनी.

आज त्या उद्यानात पर्यटक जातात. ग्रांद-ग्राव्ह इथे हायमन या व्यापारी घराण्याचे जुने दुकान त्यांना जसेच्या तसे सजवून दाखवले जाते. जवळच मच्छीमाराचे एक घरही नमुना म्हणून राखले आहे. नमुन्याला एक घर पुरते. माणसांना शेकडो लागतात. पासपेबियाकच्या पट्टीवरची कंपन्यांची गोदामेही आता राष्ट्रीय वारसा आहेत. वारसा जपू नये असे माझे म्हणणे नाही. पण ज्या गोदामावर १८८६ मध्ये उपाशी माणसे चालून गेली, त्या गोदामासमोर उभे राहून फक्त लाकडी बांधकामाचे कौतुक करायचे असेल तर तो इतिहास नव्हे, पुन्हा एकदा लिहिलेली मालकाची वही आहे.

कॉडही आता पूर्वीसारखा उरला नाही. मोठ्या ट्रॉलरनी समुद्राचा तळ खरवडला आणि १९९३ मध्ये आखातातली कॉडची मासेमारी सरकारला बंद करावी लागली. दोराने एकेक मासा काढणाऱ्याने तो संपवला नव्हता, पण बंदीची झळ त्यालाही तितकीच बसली. लगेच पुन्हा तेच ऐकू आले : मासा संपला, निसर्ग रुसला, म्हणून लोक गरीब.

म्हणून कोणी तुम्हाला सांगितले की अमुक प्रदेश डोंगराळ आहे, अमुक किनारा दुर्गम आहे, म्हणून तिथले लोक मागे राहिले, तर ते लगेच मान्य करू नका. तीन प्रश्न विचारा. तिथून काय बाहेर गेले? त्याचा भाव कोणी ठरवला? आणि हिशेबाची वही कोणाच्या हातात होती? या तिन्हींची उत्तरे हाती आल्याशिवाय डोंगराला दोष देऊ नका.